हरायची सोय

माझ्या मेडिकलच्या दुकानात औषधाची वाट बघणारे लोक वेळ घालवायला म्हणून माझ्या घरची चौकशी करतात. नवऱ्याचं विचारून झालं की गाडी नणंदेवर येते. ती काय करते? मी सांगते, पत्ते खेळते. समोरचा जरा गडबडतो. मग मी पुढे सांगते, पगार घेऊन खेळते. त्यावर सभ्य माणूस विषय बदलतो आणि एखादा खोकल्याची बाटली काउंटरवरच विसरून जातो.

खरं उत्तर असं की भिंगरी संशोधक आहे. ज्यांना दिसत नाही, ज्यांचे हात थरथरतात, ज्यांना ऐकू येत नाही, त्यांना इतरांच्या बरोबरीनं खेळता येतील असे खेळ ती बनवते. पण हे वाक्य लांबलचक आहे आणि माझ्या दुकानात रांग असते.

भिंगरी हे तिचं घरातलं नाव. लहानपणी एका जागी बसायची नाही म्हणून पडलं आणि डॉक्टरेट मिळाली तरी सुटलं नाही. तिला आणि तिच्या भावाला, म्हणजे आमच्या ह्यांना, आत्याबाईंनी वाढवलं. आईवडील लवकर गेले. आत्याबाई एका कचेरीत टायपिस्ट होत्या, लग्न केलं नव्हतं, आणि त्यांच्या पदरात ही दोन पोरं अचानक पडली. पोरांना कसं वाढवायचं हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांना पत्ते खेळता येत होते, तर त्यांनी तेच शिकवले.

मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा पहिल्याच रविवारी मला जेवणाच्या टेबलाशी बसवलं आणि रमीची पानं वाटली. मला वाटलं, नव्या सुनेचं स्वागत आहे. तिसऱ्या डावाला माझ्या लक्षात आलं की आत्याबाईंच्या बशीखाली एक पान आहे. मी नवी नवरी, काय बोलणार? गप्प बसले. डाव संपल्यावर आत्याबाईंनी स्वतःच बशी उचलून दाखवली आणि मला म्हणाल्या, "सूनबाई, तू बघितलंस आणि बोलली नाहीस. या घरात असं चालायचं नाही."

घरचा नियम असा होता की लबाडी करताना जो सापडेल त्यानं सगळ्यांचे चहाचे कप धुवायचे. आत्याबाईंचं म्हणणं, लबाडी करणं पाप नाही, सापडणं पाप. त्या महिन्यातून दोनतीनदा तरी सापडायच्या आणि पदर खोचून, गाणं गुणगुणत कप विसळायच्या. मी इतक्या आनंदानं भांडी घासणारी बाई दुसरी पाहिलेली नाही.

भिंगरीचं संशोधन तेव्हा बोटांवर होतं. माणसाचं बोट खरखरीतपणा कसा ओळखतं, किती बारीक फरक त्याला कळतो, या विषयावर तिनं कित्येक वर्षं घालवली. प्रयोगशाळेत लोकांचे डोळे बांधून त्यांना वेगवेगळ्या पट्ट्या चाचपायला द्यायच्या आणि ते काय म्हणतात ते टिपून घ्यायचं. आमचे हे तिला सँडपेपरची डॉक्टर म्हणायचे. स्वतः चाचपून चाचपून तिची बोटं अशी तयार झाली होती की माझ्या ओढणीवर हात फिरवून ती कितव्यांदा धुतलीय हे सांगायची, आणि तेही चारचौघांत. पुढे तिला नोकरी लागली ती फरशांच्या कामावर. न्हाणीघरातली फरशी किती खरखरीत असावी, म्हणजे पाय घसरणार नाही आणि सोलवटणारही नाही. काम चांगलं होतं. फरशीच्या कंपनीला हवं होतं, तिच्या प्रयोगशाळेच्या सरांना हवं होतं. तिला स्वतःला ते हवं होतं का, हे कुणी विचारलं नाही आणि तिनंही सांगितलं नाही.

मग आत्याबाईंची नजर गेली. काचबिंदू होता. मी औषधांच्या दुकानात बसते, थेंब मीच आणून द्यायची, तरी रोग आपल्या चालीनं चालत राहिला. त्यांनी रडारड केली नाही. घरात कुठे काय आहे हे त्यांना पाठ होतं, रेडिओ होता, मी होते. फक्त एका रविवारी पानं वाटली तेव्हा त्यांनी आपली पानं हातात घेतली, बराच वेळ तशीच धरली, आणि पालथी ठेवून खोलीत गेल्या. त्यानंतर रविवारच्या टेबलाशी त्या आल्या नाहीत. आम्ही तिघं खेळायचा प्रयत्न करायचो, पण तिघांत कुणीच धड लबाड नव्हतं.

हळूहळू त्यांचं बोलणं कमी झालं. मला टोमणेसुद्धा मारेनाशा झाल्या. भाजीत मीठ जास्त पडलं होतं, मुद्दाम नव्हे, खरंच पडलं होतं, आणि आत्याबाई म्हणाल्या, "छान झालीय." मी रात्री ह्यांना म्हटलं, "तुमच्या आत्याचं काही खरं नाही."

भिंगरी मात्र हातावर हात ठेवून बसणाऱ्यातली नव्हे. आधी तिनं ब्रेलचे पत्ते आणले. त्यातले ठिपके बारीक, आणि आत्याबाईंची बोटं आयुष्यभर टाइपरायटर बडवून निबर झालेली. त्यांनी एक पान चाचपलं, दुसरं चाचपलं आणि म्हणाल्या, "हे पत्ते नाहीत, गोवर आलेलं पोर आहे." मग तिनं फोनची युक्ती केली. पान फोनपुढे धरलं की फोन कानातल्या यंत्रात सांगणार, बदामाची राणी. ते चाललं असतं, पण कानात ते बोळे घातल्यावर आत्याबाईंना आमच्या गप्पा ऐकू येईनात. "मग मी स्मशानात बसून खेळू का?" म्हणाल्या. फोन परत गेला.

तेव्हा भिंगरीला आपली सँडपेपरची विद्या आठवली. इतकी वर्षं बोटांचा अभ्यास केला, तो फरशीला कळला आणि घरच्या म्हातारीच्या उपयोगी पडला नाही, याची तिला लाज वाटली असावी. तिनं आमच्या जेवणाच्या टेबलावर दुकान मांडलं. जाड पुठ्ठे, डिंक, कात्री, पट्ट्याच पट्ट्या. इस्पिकाची पानं खरखरीत, बदामाची मखमलीसारखी मऊ, चौकटच्या पानांवर उभ्या रेघा आणि किलवरवर मोठे टपोरे ठिपके. आकडे कोपऱ्यात, फुगीर, निबर बोटालाही कळतील असे. आठवडाभर आम्ही मांडीवर ताटं घेऊन जेवलो. शेवटी पत्त्यांचा जो कॅट तयार झाला तो विटेएवढा जाड होता आणि पिसायला दोन माणसं लागत होती, पण आत्याबाईंनी पहिलं पान चाचपलं आणि म्हणाल्या, "इस्पिकचा गुलाम." तो इस्पिकचा गुलामच होता.

इथंच आम्ही माती खाल्ली. आत्याबाई इतक्या दिवसांनी टेबलाशी आल्या, तर त्यांना बरं वाटावं, म्हणून आम्ही तिघांनी आधी स्वयंपाकघराच्या दाराआड ठरवलं की त्यांना जिंकू द्यायचं. ह्यांची जागा त्यांच्या आधीची, तेव्हा हे त्यांना लागतील ती पानं टाकणार. त्यांना लागणारी पानं कोणती, ते मी त्यांच्या मागून बघून ह्यांना खुणावणार. आता आमचे हे ड्रायव्हिंग शिकवतात. दिवसभर शेजारी बसून शिकाऊ माणसाला सांगायचं, "छान जमतंय, छान जमतंय," आणि पाय आपल्या बाजूच्या ब्रेकवर ठेवायचा. खोटा धीर द्यायची त्यांना सवय आहे. पण खोटं बोलताना हे घसा खाकरतात, हे मला लग्नाच्या पहिल्या महिन्यात कळलं होतं आणि ज्या बाईनं त्यांना वाढवलं तिला त्याच्याही आधी.

आत्याबाई पहिला डाव जिंकल्या, दुसरा जिंकल्या. ह्यांनी खाकरून बदामाची सत्ती टाकली, आत्याबाई तिसरा जिंकल्या. चौथ्या डावात ह्यांनी पान टाकायच्या आधीच खाकरलं. आत्याबाईंनी हातातली पानं नीट एकावर एक ठेवली.

"मला दिसत नाही," त्या म्हणाल्या. "मला कळत नाही असं तुम्हाला कुणी सांगितलं?"

त्या उठल्या, भिंतीला हात लावत आपल्या खोलीत गेल्या आणि दार लावून घेतलं. आधी त्या दिसत नाही म्हणून खेळत नव्हत्या. आता आमच्यामुळे खेळणार नव्हत्या. भिंगरी त्या विटेएवढ्या कॅटकडे बघत बसली. नंतर मला म्हणाली, "वहिनी, पत्ते मी बरोबर केले गं. आपणच चुकीचे आहोत."

दुसऱ्या दिवशी तिनं सरांना विचारलं की फरशीचं काम कमी करून असल्या खेळांवर काम करता येईल का. सर वाईट माणूस नव्हेत, पण त्यांच्या चष्म्याला फरशीच दिसायची. म्हणाले, "खेळ म्हणजे विरंगुळा. त्यात संशोधन काय करणार?" ती म्हणाली, "मी घरात एक प्रयोग केला आणि तो सपशेल फसला. का फसला ते शोधायचंय." सरांनी तिला शनिवारी सुट्टी दिली. सुट्टी तिची तिलाच होती, पण मोठ्या मनानं दिली.

शनिवारी ती अपंग व्यक्तींच्या एका केंद्रात जायला लागली. तिथं फोनवर बसणारी एक बाई होती. तिला सगळे ऑपरेटरबाई म्हणत. चाकाच्या खुर्चीत बसायची, दोन्ही हात सतत थरथरायचे आणि केंद्रातल्या प्रत्येकाला तिनं पत्त्यांत हरवलेलं होतं. हे ती प्रत्येकाला भेटल्याबरोबर सांगायची, भिंगरीलाही सांगितलं. भिंगरीनं विचारलं, "हात असे असताना पानं धरता कशी?" बाईनं खणातून कपडे घासायचा ब्रश काढला, टेबलावर उलटा ठेवला आणि त्याच्या केसांत एकेक पान उभं खोचलं. पानं झकास उभी राहिली. मग तिनं भिंगरीला हरवलं. मग परत हरवलं.

भिंगरीनं तिला घरची हकिगत सांगितली. ऑपरेटरबाई हसून हसून बेजार झाली. "तुम्ही पत्ते चांगले केलेत हो," ती म्हणाली. "पण हरायची सोय केली नाहीत. मी इथं नवी आले तेव्हा सगळे मला जिंकू द्यायचे. इतका कंटाळा मला आयुष्यात आला नव्हता. पानं धरायची सोय करा, वाचायची सोय करा, आणि मग माणसाला सरळ मातीत घाला."

त्या संध्याकाळी भिंगरी पिशवीत चार ब्रश घेऊन घरी आली. माझं मत पडलं की हिचं डोकं फिरलं. ती थेट आत्याबाईंच्या दाराशी गेली.

"आत्या, नवा नियम केलाय."

ती दाराला तोंड लावून बोलत राहिली.

"लबाडी करताना सापडला तर कप धुवायचे, हा जुना. दया करताना सापडला तरी कप धुवायचे, हा नवा. दादा खाकरला की त्यानं धुवायचे. आणि नियम सगळ्यांना सारखा, तुलाही."

आतून आत्याबाई म्हणाल्या, "मी कशाला कुणावर दया करीन?"

"म्हणूनच म्हणते, तुझा फायदा आहे."

त्या रविवारी त्या आल्या. या वेळी कॅट पातळ होता, भिंगरीनं कुठूनतरी यंत्रावर दाबून आणला होता. सगळ्यांनी, दिसणाऱ्यांनीसुद्धा, पानं ब्रशात खोचायची, म्हणजे सगळे सारखे. जो पान टाकेल त्यानं ते मोठ्यानं बोलायचं. मागच्या खेपेला जो जिंकला त्यानं वाटायचं. आत्याबाईंनी आपली पानं ब्रशात लावली, एकेकावरून अंगठा फिरवला आणि खेळायला लागल्या.

आम्ही त्यांना धुतलं. दुसरा शब्द नाही. मी चार डाव जिंकले, एवढे मी त्याआधीच्या सगळ्या वर्षांत मिळून जिंकले नव्हते. शेवटच्या डावात आत्याबाईंच्या हातात इतकी चित्रं राहिली की हे गुण मोजताना दोनदा थांबले, आणि एकदाही खाकरले नाहीत. मला धाकधूक वाटत होती. म्हातारी परत खोलीत जाऊन बसली तर? आत्याबाई आपला ब्रश चाचपत बसल्या होत्या.

"सूनबाई," त्या म्हणाल्या, "आजच्या भाजीत मीठ नव्हतंच."

मला इतकं बरं वाटलं की डोळे भरून आले. मी म्हटलं, "होतं. तुमच्या तोंडाला चव नाही हरल्यामुळे."

"पुढच्या रविवारी बघते तुला."

पुढच्या रविवारी त्या एक डाव जिंकल्या. त्याच्या पुढच्या वेळी दोन. त्यांची बोटं त्या पानांना सरावत होती. मधल्या दिवसांत खोलीत एकट्या बसून कॅट पिसायच्या, चाचपायच्या, आकडे पुटपुटायच्या. एकदा मला म्हणाल्या, "दुकानातून नखं घासायची एक पट्टी आण गं. उजव्या अंगठ्याचं नख चिरतंय." मी चांगल्यातली आणून दिली. वयोमानानं नखं चिरतात, मी स्वतः गिऱ्हाइकांना सांगते.

आणि मग आत्याबाई जिंकायला लागल्या त्या जिंकायलाच लागल्या. रविवारमागून रविवार. जिंकल्या म्हणून वाटायच्या, वाटल्या की जिंकायच्या. आम्ही कुणीही दया करत नव्हतो, उलट मी तर दात ओठ खाऊन खेळत होते. भिंगरी हरखून गेली होती. काय खेळले, कोण जिंकलं, हे सगळं ती सरांना सांगायची. दिसणारी तीन माणसं आणि न दिसणारी एक, आणि ती एक सरस ठरते! सर शेवटी म्हणाले, "मी स्वतः येऊन बघतो. खरंच असं असेल तर फरशीचं काम दुसऱ्या कुणाला देऊ."

सर आले ते नवे मोजे घालून. त्यांना आम्ही खेळायलाच बसवलं. ब्रश चारच होते आणि माणसं झाली पाच, म्हणून भिंगरीनं आपला ब्रश सरांना दिला आणि पानं हातात धरली. आत्याबाईंनी कॅट पिसला, झराझरा वाटला. पहिला डाव त्या जिंकल्या. सर कौतुकानं मान हलवत होते. दुसरा डावही त्यांचाच. सर म्हणाले, "विलक्षण आहे." तिसऱ्या डावाची पानं वाटली गेली.

मी भिंगरीच्या समोर बसले होते. तिनं पानं उचलली, हातात पसरली आणि तिची बोटं थांबली. एका पानाच्या कडेवरून तिचा अंगठा गेला, परत आला, परत गेला. मग ती मधल्या गड्डीकडे वळली. वरचं पान घ्यायची पाळी तिची नव्हती, तरी तिनं गड्डीच्या कडेवरून बोट फिरवलं. मग तिनं आत्याबाईंकडे पाहिलं. आत्याबाई शांतपणे आपल्या ब्रशातली पानं मागंपुढं करत होत्या.

मला त्या क्षणी काही कळलं नव्हतं. भिंगरीला सगळं कळलं होतं, आणि तिच्यापुढे काय वाढून ठेवलंय तेही. आत्याबाईंचं जिंकणं हाच तिचा पुरावा. तो पुरावा बघायला सर मोजे घालून आले होते. बोलली तर पुरावा गेला, कदाचित फरशी आयुष्यभर गळ्यात. आणि लोकांसमोर एका आंधळ्या म्हातारीला लबाड म्हणायचं. गप्प बसली तर? गप्प बसली तर कुणालाच काही कळणार नव्हतं. डाव छान पार पडला असता, सगळे चहा प्यायले असते.

भिंगरीनं हात पुढे केला आणि आत्याबाईंचं मनगट धरलं.

"आत्या, पानं खाली ठेव. तू कडेला नखानं खुणा केल्यात. एक्क्यांना एक आणि जोकरला दोन. वाटताना कुणाकडे काय गेलं ते तुला कळतं."

ह्यांनी खाकरायला तोंड उघडलं, त्यांना नियम आठवला, त्यांनी ते मिटलं. सरांनी आपल्या ब्रशातून एक्क्याचं पान उपसलं, चष्मा पुसला, कडेकडे बघितलं, उजेडात धरलं, अंगठा फिरवला. त्यांना काही सापडेना. मला नखं घासायची पट्टी आठवली आणि माझी कानशिलं तापली. चांगल्यातली आणली होती मी.

आत्याबाईंनी हात सोडवून घेतला नाही. त्यांचा चेहरा कसा झाला ते मला नीट सांगता येणार नाही. घाबरल्यासारख्या वाटल्या. हळू आवाजात त्यांनी विचारलं, "तुला हे कधी कळलं?"

"आत्ता."

"आत्ता म्हणजे आज?"

"आज. आत्ता, ही पानं हातात घेतली तेव्हा. ब्रशात असताना कडेला हात कुठं लागतो?"

"खरं सांग. आधीपासून माहीत होतं, आणि जाऊ दे बिचारीला, म्हणून गप्प होतीस असं नाही ना?"

भिंगरीचा आवाज चिरका झाला. "आत्या, आधी कळलं असतं तर आधीच हात धरला असता. इतके रविवार तू माझी फसवणूक केलीस आणि मी मूर्खासारखी तुझं कौतुक करत फिरले. सगळ्या प्रयोगशाळेला सांगितलं मी."

आत्याबाई हसायला लागल्या. आधी आतल्या आत, मग खांदे हलायला लागले, मग डोळ्यांतून पाणी आलं. "मला वाटायचं गं," त्या म्हणाल्या, "इतकी ढळढळीत लबाडी चालवलीय, तीनतीन माणसं समोर बसलीत, आणि कुणी बोलत नाही. म्हटलं, परत सुरू झालं यांचं. सगळं माहीत आहे आणि मला वाईट वाटायला नको म्हणून बसलेत. दर रविवारी वाट बघायचे. आज तरी कुणी धरील."

भिंगरीनं त्यांचं मनगट अजून सोडलं नव्हतं. ती रडत होती आणि हसतही होती, आणि मीही. सर मात्र अजून पानाची कड चाचपत होते.

"ही खूण नक्की आहे कुठे?" त्यांनी विचारलं.

आत्याबाईंनी हात पुढे केला, पान घेतलं, सरांचा अंगठा धरून कडेवर ठेवला. "इथं. लागतंय?"

"नाही."

"मग तुम्ही फरशाच करा," आत्याबाई म्हणाल्या.

सर म्हणाले की पुढच्या रविवारी त्यांना जमेल, आणि पुढच्या रविवारी पानं ते स्वतः वाटतील. फरशीचं काय, हे भिंगरीला सोमवारी कळलं. ते दुसऱ्या कुणाकडे गेलं. आज तिची खोली त्या केंद्रात आहे, ऑपरेटरबाईच्या टेबलाच्या शेजारी, आणि तिथं एखाद्या नव्या खेळाची चाचणी असली की पहिला प्रश्न हाच असतो की यात लबाडी कशी करता येईल.

पण त्या रविवारचं अजून थोडं राहिलं. चहा झाला, आणि आत्याबाई उठल्या. पाच कप. नजर गेल्यापासून त्यांनी स्वयंपाकघरात कशाला हात लावला नव्हता, म्हणजे आम्ही लावू दिला नव्हता. गरम आहे, काच आहे, राहू द्या, बसा. त्यांनी टेबल चाचपून कप एकेक गोळा केले. एक बशी कडेला लागून खणखणली. मी खुर्चीत अर्धी उठले. भिंगरीनं माझ्याकडे पाहिलं. मी खाली बसले, आणि खुर्चीचे दोन्ही हात धरून ठेवले.

नळ सुरू झाला. आत्याबाई काहीतरी गुणगुणत होत्या. आतून ओरडल्या, "पुढचा डाव भिंगरी वाटणार ना? लक्ष ठेवा तिच्यावर, माझ्याच हाताखाली शिकलीय."

कप पालथे घालून त्या परत येऊन बसल्या, पदरानं हात पुसले. मी उठून बघायला गेले. चार कप लखलखीत होते. पाचव्याच्या तळाला चहाचं कडं तसंच राहिलं होतं. क्षणभर मी तो नळाखाली धरला. मग नळ बंद केला, कप घेऊन बाहेर आले आणि त्यांच्यापुढे टेबलावर ठेवला.

"आत्याबाई, हा परत."

त्यांनी कप उचलला, आत बोट घातलं, तळाशी गोल फिरवलं.

"खरंच की," त्या म्हणाल्या. "लागतंय बोटाला."

आणि कप घेऊन परत आत गेल्या.